खंडेनवमीचं वॉर्निश

भोपाळच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कारखान्यातल्या दिवसांबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. कारखान्यातले दिवस सगळ्यांचे सारखेच. भोंगा, गेट, डबा आणि परत भोंगा. त्यात काय वाचायचं? मग मी सांगितलं की मोठ्या यंत्रांबद्दल लिहिणारे इंजिनिअर पुष्कळ आहेत. मी वीतभर रणगाड्याबद्दल लिहीन आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहीन, चालत असेल तर बघा. चालेल म्हणाले. आता वाचा.

मी भोपाळला आले ती ट्रेसर म्हणून. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशे काढायचे आणि आम्ही ते मेणकापडासारख्या पारदर्शक कापडावर शाईने गिरवायचो. नागपूरची पोरगी, हात स्थिर आणि जीभ तिखट. हाताचं कौतुक व्हायचं आणि जिभेच्या तक्रारी साहेबांपर्यंत जायच्या. शेवटी मला ड्रॉइंग ऑफिसमधून उचलून मॉडेल रूममध्ये टाकलं. तिथे निगम साहेब आणि दोन सुतार एवढीच माणसं होती, म्हणजे भांडायला कोणी नाही असा हिशेब असावा.

मॉडेल रूम म्हणजे मोठ्या यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती करण्याची खोली. दोन मजली टर्बाइन काही प्रदर्शनात नेता येत नाही, म्हणून त्याचं टेबलावर मावेल एवढं पिल्लू करायचं. रंगवायचं काम माझं. मला वाटलं, रंगवणं म्हणजे काय, ब्रश घ्यायचा आणि फासायचं. पहिल्याच आठवड्यात मी एका पाण्याच्या टर्बाइनचं मॉडेल सुंदर निळं रंगवलं. त्यात हाताने चाक फिरवलं की आतल्या पात्या उघडायच्या आणि मिटायच्या. सकाळी पाहुणे येणार होते. साहेबांनी चाकाला हात घातला, तर चाक ढिम्म. पात्या निळ्या रंगात घट्ट चिकटून बसल्या होत्या.

निगम साहेब ओरडले नाहीत. त्यांनी शिवणाचा रेशमी धागा मागवला, एकेका पातीच्या फटीत घालून करवतीसारखा मागेपुढे ओढायला सुरुवात केली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. पाहुणे गेटवर हार घालून घेत होते तेव्हा आमची शेवटची पाती सुटली. मग साहेब म्हणाले, "मीना जी, पेंट आँख को मिलना चाहिए, मशीन को नहीं."

परक्या माणसाला हे काम असं समजावते. रंगाला जाडी असते. आपल्याला ती दिसत नाही, पण फिरणाऱ्या भागाला ती कळते. मॉडेलमध्ये खीळ आणि भोक यांच्यातली फट केसाएवढी. त्यात आधी प्रायमर, मग रंगाचे दोन हात, वर वॉर्निश, म्हणजे चार थर. खिळेवर चार आणि भोकात चार. आठ थरांना जागा कुठून आणायची? शिवाय रंग ओला असताना फटीत आपोआप ओढला जातो. वातीत तेल चढतं ना, तसा. तुम्ही बाहेरून लावता आणि तो आत जाऊन बसतो, वाळतो, आणि मग झालं.

म्हणून काम असं करायचं. रंगाच्या आधी सगळं कोरडंच जोडून हलवून बघायचं. जिथे जिथे घासतं तिथे पेन्सिलीच्या शिशाच्या खुणा करायच्या. त्या जागी रंग लावायचा नाही, उलट शिसंच चोळायचं, ते वंगणाचं काम करतं. भोकात दातकोरण्याचं टोक खुपसून ठेवायचं. फिरणारे भाग सुटे रंगवायचे. मी ते दातकोरण्यांवर टोचून बटाट्यात रोवून वाळवायची, आणि मग आमच्या मिस्टरांना तो बटाटा भाजीत चालेल का असं विचारायची. आणि शेवटचा नियम, वॉर्निशचा हात देताना जोडलेली वस्तू कधीही हातात घ्यायची नाही. वॉर्निश रंगापेक्षा पातळ असतं, ते सगळ्यात आत जातं. हा नियम मी पुढे किती जणांना शिकवला त्याची गणती नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि क्वार्टर सोडून आम्ही भोपाळमध्येच अवधपुरीत घर बांधलं, तेव्हा माझ्याकडे रणगाडे यायला लागले. प्लॅस्टिकचे सुटे भाग डब्यात मिळतात, ते जोडून रंगवायचे. निवृत्त होणाऱ्या फौजी अधिकाऱ्याला भेट द्यायची तर त्याचा रणगाडा हवा, आणि भोपाळमध्ये असे निरोपसमारंभ बरेच. एक कर्नल तर मी लावलेल्या चिखलाच्या रंगावर नाराज झाले. हा चिखल राजस्थानचा नाही म्हणाले. मी म्हटलं, राजस्थानात चिखल असतो होय? त्यावर ते इतके हसले की पुढच्या चार ऑर्डरी त्यांनीच पाठवल्या. पण एक गोष्ट मी हेरून ठेवली होती. कर्नल असो की कारकून, रणगाडा हातात घेतला की माणूस आधी बोटाने त्याचं डोकं फिरवून बघतो. त्या डोक्याला टरेट म्हणतात, तोफेची नळी त्यालाच असते. ते फिरलं की माणसाचा चेहरा उजळतो, आणि अडकलं की बाकीची सगळी कलाकुसर वाया जाते.

आता मोहित्यांचं सांगते. सर्जेराव मोहिते मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत ते रणगाड्याचे गनर होते, म्हणजे तेच डोकं फिरवून तोफ रोखणारे. फौजेतून सुटल्यावर ते आमच्या कारखान्यात सुरक्षा विभागात लागले आणि निवृत्तीनंतर आमच्या जवळच्याच सोनागिरीत राहिले. त्यांची बायको कुसुम माझी मंडळातली मैत्रीण. माझ्या तिखट जिभेला न घाबरणाऱ्या भोपाळमधल्या दोन बायकांपैकी ती एक.

मोहित्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारला, बोलणंही आलं, पण उजवा हात राहिला. बोटं आत वळलेली, अंगठा तळव्यात दाबलेला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने रबरी चेंडू दिला, तो त्यांनी खिडकीतून बाहेर फेकला. म्हणजे डाव्या हाताने फेकला, हे कुसुमनं मुद्दाम सांगितलं. मग प्लॅस्टिकच्या रिंगा दिल्या, तर म्हणाले, "मी काय अंगणवाडीत जातो काय?"

कुसुम माझ्याकडे आली. "मीनाताई, ह्यांना काहीतरी फिरवायला द्या. डॉक्टर म्हणतात, पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल, नंतर फार कठीण. आणि हे तर हट्टाला पेटलेत. हातच लावत नाहीत कशाला."

मी रणगाडा केला. इतका मन लावून दुसरा केला नसेल. त्यांच्या वेळचाच नमुना मिळवला. टरेटच्या खाली ट्रेसिंगच्या जुन्या कापडाची एक चकती बसवली, कापड मऊ आणि गुळगुळीत, वर पेन्सिलीचं शिसं. फुंकर मारली तरी डोकं फिरावं एवढं सैल ठेवलं. नळी वरखाली होत होती, वरची झाकणं उघडत होती. पहिल्या दिवशी त्यांनी तो मांडीवर घेतला. मग वळलेल्या मुठीने टरेटला ढकललं. टरेट बोटभर सरकलं. "दाहिने," ते स्वतःशीच म्हणाले. मग परत ढकललं. कुसुम स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या व्यायामवाल्या मुलीला ही कल्पना फार आवडली. ती म्हणाली, दर आठवड्याला थोडं घट्ट करत जा, म्हणजे बोटांना ताकद येईल. मग दर शनिवारी मी सोनागिरीला जायची, टरेट काढायची, जुनी चकती काढून किंचित जाड चकती घालायची. कुसुमनं एक कायदा केला होता, रणगाड्याला डावा हात लावायचा नाही. डावा हात लावला की उजव्याला फावतं, ती म्हणायची. मोहिते तो कायदा फौजी शिस्तीने पाळायचे. मुठीने ढकलणं सुटलं, दोन बोटं आली. श्रावणात अंगठा तळव्यातून बाहेर आला. गणपतीत त्यांनी टरेट एक पूर्ण गोल फिरवलं, आणि आरतीला जमलेल्या सगळ्यांना ते पुन्हा पुन्हा फिरवून दाखवलं. चमचा धरायला लागले. सही करायला लागले, वेडीवाकडी, पण उजव्या हाताची.

मग नवरात्र आलं. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात, त्या दिवशी त्यांना विश्रांती. सुताराचा रंधासुद्धा त्या दिवशी हलत नाही. कुसुम म्हणाली, यंदा पाटावर ह्यांचा रणगाडा ठेवायचा, शिवणाचं मशीन आणि कात्री त्याच्या शेजारी. मंडळाच्या बायकांना तिने बोलावलं होतं.

अष्टमीला मी रणगाडा बघितला आणि मला लाज वाटली. चार महिने बोटं लागून टरेटच्या कडांचा रंग उडाला होता, खालचं पांढरं प्लॅस्टिक दिसत होतं. खरं तर त्याच्याइतकं देखणं काही नव्हतं. पण मंडळाच्या बायका येणार, मीनाताईंचं काम म्हणून बघणार, आणि हे असं? मी तो घरी आणला. कडा पुन्हा रंगवल्या आणि वाळल्यावर वाटलं, वरून वॉर्निशचा एक चकचकीत हात द्यावा. रणगाड्याला चकाकी शोभत नाही, हे मला माहीत होतं. पण समईच्या उजेडात कसा दिसेल, तेच डोळ्यांसमोर. टरेट काढायला हवं होतं. काढलं तर चकती हलणार, मग पुन्हा त्याच घट्टपणाला बसवायला दुसरा दिवस गेला असता. ब्रश हलक्या हाताने फिरवीन, वॉर्निश आत जाणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मी, दुसऱ्यांना नियम शिकवणारी. ओलं असताना हलवून बघता येत नाही, म्हणून बघितलंही नाही. संध्याकाळी नेऊन दिला आणि "उद्यापर्यंत हात लावू नका" असं बजावलं.

पूजा छान झाली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. बायकांनी कौतुक केलं आणि मी ते मुकाट्याने पोटभर घेतलं. दसऱ्याच्या संध्याकाळी मी नागपूरला गेले. बहिणीचं ऑपरेशन होतं. आठ दिवसांसाठी गेलेली मी पाच आठवडे राहिले.

मधे कुसुमचा फोन आला होता. "ह्यांचा हात परत गेला हो, मीनाताई. दसऱ्यानंतर अचानक. डॉक्टर म्हणतात दुसरा झटका वगैरे नाही, पण हे ऐकतच नाहीत. व्यायाम बंद, चमचा बंद." मी हळहळले. बहिणीलाही सांगितलं, बिचारे मोहिते. माझ्या मनात दुसरा विचार आला नाही, आणि हे मी आजही स्वतःला विचारते, कसा आला नाही?

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सोनागिरीला गेले. मोहिते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. उजवा हात छातीपाशी मुडपलेला. रणगाडा काचेच्या कपाटात होता, त्याच्यावर खंडेनवमीचं कुंकू तसंच. मी काही तरी करायचं म्हणून तो काढला आणि सवयीने टरेटला बोट लावलं.

फिरलं नाही.

जोर लावला तरी फिरलं नाही. खिडकीशी नेऊन बघितलं, तर टरेटच्या बुडाशी गोल सगळीकडे वॉर्निशची चकचकीत रेघ, काचेच्या बांगडीसारखी बसलेली. एका क्षणात सगळं समजलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटं लावली असतील. दर आठवड्याला घट्ट होत जाणारं टरेट, त्यामुळे घट्ट लागलं तर दोष हाताचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. डावा हात लावायचा नाही, म्हणून दुसऱ्या हाताने पडताळायची सोय नाही. कुसुम पूजेतल्या वस्तूला हात लावणार नाही. दिवसेंदिवस त्यांनी ते न फिरणारं डोकं फिरवायचा प्रयत्न केला असेल, कोणाला न सांगता, आणि मग कपाटात ठेवून दिलं असेल.

कुसुम माझ्या मागेच उभी होती. "अडकलंय का ते?" तिने विचारलं. मग तिची नजर कुंकवावर गेली आणि चेहरा उतरला. "अगं बाई. माझं कुंकू ओलं होतं. पाण्यात कालवलं होतं मी. ते आत गेलं का?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं, ते लिहायलाच हा लेख घेतला, पण बसले तर नीट उत्तर सापडत नाही. भीती होती, आणि अहंकारही होता. चार माणसांत ज्या हाताचं नाव आहे त्या हातानं हे केलं, हे बोलायला तोंड उघडेना. कुंकू समोर आयतं सापडलं. "ओलं असेल," मी म्हटलं, "जातं कधी कधी आत."

मोहिते खाटेवरून ऐकत होते. ते उठून बसले. आवाज न चढवता म्हणाले, "कुसुम, तुझ्या पूजेपायी मी पाच आठवडे मेलो." जिने उभ्या आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही ती बाई पदराचं टोक तोंडाशी धरून गप्प उभी राहिली. मी "सुटं करून आणते" म्हणाले, रणगाडा पिशवीत घातला आणि पळाले. पळालेच म्हणायचं.

घरी टेबलाशी बसले. थिनर चालत नाही, त्याने प्लॅस्टिक विरघळतं. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं, मग रेशमी धागा घेतला आणि त्या रेघेत घालून मागेपुढे ओढत बसले. कुंकू पहिल्याच फडक्याला पुसून आलं होतं. ते नुसतं वर होतं, कणभरही आत गेलेलं नव्हतं. वॉर्निश मात्र काचेसारखं तुटत होतं आणि कडांचा नवा रंग सोबत घेऊन जात होतं. मी तो जाऊ दिला. दोन तासांनी टरेट सुटलं. आतली चकती कडेने चिकटून कडक झाली होती. पातळ, सगळ्यात पहिल्या दिवशी होती तशी चकती कापून घातली. रंगाला हात लावला नाही.

आमचे मिस्टर समोर बसून सगळं बघत होते. त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "सुटं झालं ना? देऊन टाक आणि विषय संपव." चांगला माणूस, पण मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. विषय संपवायला तो माझा होता कुठे? तिकडे सोनागिरीत एक बाई स्वतःच्या हाताने नवऱ्याचा हात घालवला असं समजून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. दोघांना समोर बसवलं आणि उभ्यानेच सांगितलं, कारण बसले असते तर सांगितलं नसतं. कुंकवाचा काही संबंध नाही. वॉर्निश माझं. नियम माझाच होता आणि मीच मोडला, बायकांसमोर दिसायला हवं म्हणून. आणि काल मला ते कळलेलं असून मी खोटं बोलले.

मोहित्यांच्या आधी कुसुम बोलली. "चूक झाली ते समजू शकते मी, मीनाताई. पण काल? काल मी तुमच्यासमोर उभी होते ना?"

मी पिशवीतून रणगाडा काढून मोहित्यांपुढे धरला.

मोहित्यांनी रणगाडा मांडीवर घेतला. उजवा हात डाव्याने उचलून टरेटवर ठेवला, तेवढ्यापुरता कुसुमनं कायदा मोडू दिला. बोटं पुन्हा आत वळलेली होती. त्यांनी मुठीने ढकललं. टरेट फिरलं, चांगलं पाव गोल. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"ताई, तुम्ही माफी मागितली, झालं," ते म्हणाले. "पण पाच आठवडे मी ह्या हाताला रोज शिव्या घातल्या. नमकहराम म्हटलं. भिंतीवर आपटला. त्याची माफी कोणी मागायची?" आणि डाव्या हाताने ते उजवा हात चोळत बसले, बोटं एकेक सरळ करत, आजारी मुलाची करावीत तशी.

व्यायाम त्याच दिवशी सुरू झाला. शनिवारी मी जात राहिले. पहिले दोन महिने कुसुम दार उघडून आत निघून जायची आणि चहा आला तर मोहित्यांसाठीच यायचा. मी तेवढं सोसलं, ते माझंच होतं. पुढे संक्रांतीला तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला असं काही म्हणाली नाही, पण ठेवला.

हात बराचसा परत आला. चमचा आला, सही आली, टरेटचा पूर्ण गोलही आला. मोहिते त्यानंतर बरीच वर्षं जगले. गेटवरच्या जुन्या दोस्तांना उजव्या हाताने सलाम करायचे. सदऱ्याची बटणं मात्र शेवटपर्यंत कुसुमच लावायची. ते मान वर करून उभे राहायचे आणि ती खालून वर एकेक बटण लावत जायची. तेवढं बारीक काम त्या बोटांना काही जमलं नाही. ते त्या पाच आठवड्यांत गेलं, असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. कुसुमही म्हणाली नाही. मी म्हणते.